सार्वजनिक हिताचं मैदान : ब्रुकलिन, चावेझ रॅव्हिन आणि उठवलेली घरं

आजच्या विषयात ‘स्टेडियम’ हा शब्द आहे म्हणून काही जण खेळाच्या आवडीने आले असतील. त्यांची थोडी निराशा होईल. बेसबॉलचे नियम आम्हालाही जेमतेमच कळतात आणि आज त्यांची गरजही पडणार नाही. आज बोलायचं आहे ते जमिनीबद्दल, आणि जमीन घेताना सरकार जो एक शब्दप्रयोग वापरतं त्याबद्दल. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘सार्वजनिक प्रयोजन’.

भरवस्तीत मोठं स्टेडियम येणार अशी बातमी आली, की तिथले रहिवासी जे विचारतात ते जगात कुठेही साधारण सारखंच असतं. गाड्या कुठे लावणार? सामना सुटल्यावर रस्ता किती वेळ तुंबणार? रात्री उशिरापर्यंत कर्णे वाजणार का? घरभाडी वाढतील का? आणि मग, जरा दबक्या आवाजात, शेवटचा प्रश्न येतो : आम्हाला इथून उठवणार का? पहिल्या चार प्रश्नांना उत्तरं द्यायला तज्ज्ञ बसवतात, अहवाल लिहितात. पाचव्याचं उत्तर बहुतेक वेळा कायद्याच्या एखाद्या कलमात आधीच दिलेलं असतं. आज आपण त्या पाचव्या प्रश्नामागे जाणार आहोत.

आपल्याकडचं उदाहरण का घेतलं नाही, असं कुणी विचारेल. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली उभं राहिलं ते बॅकबेच्या भरावावर, म्हणजे जिथे आधी समुद्र होता तिथे. त्या जागेवरून कुणाचा संसार हलवावा लागला नाही. आम्हाला हवं होतं ते उदाहरण नेमकं उलट, जिथे टेकडीवर घरं होती, शाळा होती, चर्च होतं, आणि आज त्या जागी खेळपट्टी आणि गाडीतळ आहे. असं उदाहरण अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरात आहे. पण त्याची सुरुवात तिथून जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होते. आणि दोन्ही शहरांच्या मुळाशी एकच कायदा आहे, म्हणून आधी तो पाहू.

१९४९ साली अमेरिकेच्या संसदेनं गृहनिर्माण कायदा केला. महायुद्धावरून परतलेले लाखो सैनिक, घरांची भयंकर टंचाई, शहरांच्या मध्यभागी दाटीवाटीच्या जुन्या वस्त्या, ही पार्श्वभूमी. या कायद्याचे दोन भाग आपल्या कामाचे आहेत. पहिल्या भागानुसार शहराला ‘गलिच्छ’ ठरवलेली वस्ती सक्तीनं संपादन करता येई, तिथल्या इमारती पाडता येत आणि मोकळी झालेली जमीन खाजगी विकासकाला कमी किमतीत देता येई. या व्यवहारात जो तोटा होईल त्याचा दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकार उचलणार. तिसऱ्या भागात सरकारी घरं बांधायला पैसे होते, सहा वर्षांत आठ लाख दहा हजार घरांचं उद्दिष्ट.

वस्ती पाडण्यालायक आहे हे ठरवायला तिथे एक शब्द रूढ झाला, ‘ब्लाइट’. हा मूळचा शेतीतला शब्द. आपण ज्याला पिकावरचा करपा म्हणतो, तोच. म्हणजे वस्तीला करपा लागलाय, शेजारच्या शेतात पसरायच्या आत उपटून टाका. एकदा ही उपमा मान्य केली की त्या वस्तीत एखादं घर नीटनेटकं आहे, चांगल्या अवस्थेत आहे, या म्हणण्याला अर्थच उरत नाही; शेत करपलंय म्हटल्यावर एकेक रोप कोण तपासत बसतो? १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हेच मान्य केलं. वॉशिंग्टनमधल्या एका दुकानदाराचं म्हणणं होतं की माझं दुकान गलिच्छ नाही, मग ते का पाडता? न्यायालय म्हणालं, विचार सबंध परिसराचा करायचा, एकेका इमारतीचा नाही. आमच्या मते स्टेडियमांच्या इतिहासात कुठल्याही सामन्यापेक्षा हा निकाल मोठा आहे.

आता ब्रुकलिन. तिथला ‘डॉजर्स’ हा बेसबॉल संघ म्हणजे त्या उपनगराचा जीव की प्राण. १९४७ साली याच संघानं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवलं आणि मोठ्या बेसबॉलमधली वर्णबंदी मोडली. संघाचं मैदान एबेट्स फील्ड, १९१३ सालचं, दाट वस्तीत अडकलेलं. प्रेक्षक मावायचे जेमतेम बत्तीस हजार आणि गाड्या लावायला जागा सातशेच्या आसपास. प्रेक्षक हळूहळू शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले होते आणि गाडीनं यायचे. संघाचे मालक वॉल्टर ओ’मॅली हे वकील, हिशोबी माणूस. त्यांनी हेरलेली जागा होती अटलांटिक आणि फ्लॅटबुश या दोन रस्त्यांच्या तिठ्याजवळची. तिथे लाँग आयलंड रेल्वेचं शेवटचं स्थानक होतं, भुयारी गाड्या होत्या आणि जुना मांसबाजार होता. स्टेडियम मी माझ्या पैशानं बांधतो, असं ओ’मॅलींचं म्हणणं. फक्त ती जमीन शहरानं १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या भागाखाली ताब्यात घेऊन मला द्यावी. एकेका दुकानदाराशी सौदा करत बसलो तर जमिनीचे भाव आभाळाला भिडतील.

याला नकार दिला तो रॉबर्ट मोझेस यांनी. हे गृहस्थ कधी निवडून आले नाहीत, पण न्यूयॉर्कचे पूल, महामार्ग, उद्यानं, वस्तीनिर्मूलन, सगळ्याच्या किल्ल्या अनेक वर्षं त्यांच्या खिशात होत्या. १९५५ साली त्यांनी ओ’मॅलींना कळवलं की खाजगी मालकीचं बेसबॉल मैदान हे या कायद्याच्या अर्थानं सार्वजनिक प्रयोजन होत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पण म्हणून मोझेस यांना रहिवाशांचे कैवारी समजू नका. ब्राँक्समधून महामार्ग नेताना याच माणसानं हजारो कुटुंबं उठवली होती. त्यांना ते स्टेडियम क्वीन्समधल्या फ्लशिंग मेडोजला हवं होतं, शहराच्या मालकीचं, चारी बाजूंनी गाडीतळ असलेलं. ओ’मॅली म्हणाले, क्वीन्समध्ये खेळलो तर आम्ही ब्रुकलिनचे कसले? मग क्वीन्स काय आणि लॉस एंजेलिस काय, सारखंच! बोलणी फिसकटली. मांसबाजारातले दुकानदार आणि आजूबाजूचे भाडेकरू वाचले ते दोन बड्या माणसांचं जमलं नाही म्हणून. त्यांचं गाऱ्हाणं कुणी ऐकून घेतल्याची खूण कुठे दिसत नाही.

आता पश्चिमेकडे जाऊ.

लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागाच्या जवळच, उत्तरेला काही टेकड्या आणि घळी आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या हुलियान चावेझ या जमीनमालकाच्या नावावरून त्या भागाला चावेझ रॅव्हिन म्हणतात. रॅव्हिन म्हणजे घळ. तिथे तीन वाड्या होत्या : पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. ते तिथेच का जमले याचं उत्तर शहराच्या इतर भागांत सापडतं. लॉस एंजेलिसच्या अनेक वसाहतींत घराच्या खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्या माणसाखेरीज कुणाला विकायचं नाही. अशा अटी न्यायालयांनी बजावू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९४८ साल उजाडलं. तोवर ज्यांना दुसरीकडे दार बंद होतं त्यांनी या चढ-उतारावर स्वस्तात भूखंड घेतले आणि स्वतःच्या हातांनी घरं बांधली. बरेचसे रस्ते कच्चे होते. परसात भाज्या, कोंबड्या, शेळ्या. पालो व्हेर्देची शाळा होती, सांतो निन्योचं चर्च होतं. शहराच्या ऐन मध्यावर वसलेलं एक खेडंच म्हणा ना. १९४९ मध्ये डॉन नॉर्मार्क नावाच्या एका तरुण छायाचित्रकारानं तिथे फिरून चित्रं घेतली. त्यांचं पुस्तक व्हायला पन्नास वर्षं गेली. ती चित्रं सापडली तर जरूर बघा. सरकारी कागदांत जी ‘करपलेली वस्ती’ आहे, तीच तिथे अगदी वेगळी दिसते.

म्हणजे तिथे सगळं गोजिरवाणं होतं असं नाही. घरं जुनी होती, नागरी सोयी तोकड्या होत्या. पण रस्ते कच्चे का, तर पालिकेनं पक्के केले नाहीत म्हणून. आणि मग रस्ते कच्चे आहेत म्हणून वस्ती गलिच्छ. हा युक्तिवाद आपल्या ऐकिवात नाही असं कोण म्हणेल?

जुलै १९५० मध्ये शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची पत्रं घरोघर पोचली. मजकुराचा आशय असा : इथे सरकारी घरांची मोठी वसाहत होणार आहे, तुमची घरं विकत घेतली जातील, आणि नवी घरं तयार झाली की पहिला हक्क तुमचा. इथे आपल्याला एक गैरसमज दूर करायला हवा. चावेझ रॅव्हिनमधून लोकांना बेसबॉलसाठी हाकललं, असं लोकप्रिय लेखनात सर्रास येतं. पहिली आणि सर्वांत मोठी रिकामीकरणाची मोहीम सरकारी घरांसाठी होती, आणि ती राबवणारी माणसं मनानं चांगली, सुधारणावादी होती. आखणी केली होती रिचर्ड नॉयट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या नामवंत वास्तुरचनाकारांनी. तेरा मजली चोवीस मनोरे, दीडशेवर दुमजली इमारती आणि तीन हजारांहून जास्त घरं. प्राधिकरणातर्फे फ्रँक विल्किन्सन नावाचा अधिकारी दारोदार जाऊन लोकांना समजावायचा. त्याचा या योजनेवर खरोखर विश्वास होता. वर्णभेद न पाळणारी वसाहत होणार होती ती.

रहिवाशांचा मात्र नव्हता. १९५१ च्या जाहीर सुनावण्यांत ते, आणि त्यांतही स्त्रिया, उठून बोलल्या. त्यांच्या हरकतींचा सूर साधा होता. आमची घरं आमच्या मालकीची आहेत. मालकाला भाडेकरू कशाला करता? तेराव्या मजल्यावर आम्ही परसबाग कुठे करू? प्राधिकरणाकडे या प्रश्नांना उत्तर होतं, पण ते आरोग्याचं, चौरस फुटांचं, हवा-उजेडाचं होतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या भाषांत बोलत होत्या, आणि आम्ही हे स्पॅनिश-इंग्रजीबद्दल म्हणत नाही.

हळूहळू लोक निघाले. भाव कमी-कमी होत जातील ही धास्ती, शेजारचं घर पाडलेलं, दुकान बंद झालेलं, मग किती दिवस तग धरणार? १९५२ सालापर्यंत तीनही वाड्या बऱ्याचशा ओस पडल्या होत्या. आणि नेमका तेव्हाच राजकारणाचा वारा फिरला. स्थावर मालमत्तेच्या धंद्यातल्या मंडळींनी ‘सरकारी घरं म्हणजे समाजवाद’ असा गजर लावला होता. ते दिवस साम्यवाद्यांचा शोध घेण्याचे होते. शहराच्या कौन्सिलनं आधी मान्य केलेला करार डिसेंबर १९५१ मध्ये मोडायचं ठरवलं. न्यायालय म्हणालं, असा मोडता येणार नाही. १९५२ च्या ऑगस्टमध्ये एका भूसंपादनाच्या सुनावणीत विल्किन्सनला अचानक विचारण्यात आलं की तुम्ही कुठल्या कुठल्या संघटनांचे सभासद आहात? त्यानं उत्तर द्यायला नकार दिला. नोकरी गेली, आणि पुढे १९६१ साली संसदेच्या समितीपुढे असाच नकार दिल्याबद्दल तो तुरुंगातही गेला. १९५३ मध्ये सरकारी घरांचे विरोधक नॉरिस पोल्सन महापौर म्हणून निवडून आले आणि योजना गुंडाळली गेली. केंद्रानं ती जमीन मूळ खर्चाच्या मानानं फार कमी किमतीत शहराला देऊन टाकली. अट एकच : तिचा वापर सार्वजनिक प्रयोजनासाठी व्हावा.

क्षणभर इथे थांबू. घरं पाडायचं कारण होतं घरं बांधणं. ते कारण संपलं. मग जमीन मूळ मालकांना परत करायला हवी होती की नाही? हा प्रश्न त्या वेळी कुणी गांभीर्यानं घेतला नाही. आपल्याकडेही १८९४ चा भूसंपादन कायदा शंभराहून जास्त वर्षं चालला, आणि ‘ज्या कामासाठी घेतली ते झालंच नाही, मग जमीन कुणाची’ हे दुखणं धरणं, औद्योगिक वसाहती, गोद्या, सगळीकडे आहे. २०१३ च्या नव्या कायद्यात न वापरलेली जमीन परत करण्याबद्दल तरतूद घालावी लागली ती उगीच नव्हे. चावेझ रॅव्हिनच्या लोकांना असं काही नव्हतं. मोकळी टेकडी, मधूनच एखादं तग धरून राहिलेलं घर, आणि ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांची पाटी, अशी ती जागा चार-पाच वर्षं पडून राहिली.

१९५७ च्या मे महिन्यात वॉल्टर ओ’मॅली हेलिकॉप्टरमधून लॉस एंजेलिसवर फिरले. खाली महामार्गांच्या सांध्यात मोकळी टेकडी दिसली. त्यांना ब्रुकलिनमध्ये जे हवं होतं ते सगळं इथे तयार होतं : जमीन एकाच्या हातात, माणसं जवळजवळ गेलेली. ऑक्टोबरच्या ७ तारखेला कौन्सिलनं दहा विरुद्ध चार मतांनी करार मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी डॉजर्सनी ब्रुकलिन सोडल्याचं जाहीर केलं. कराराचा गाभा असा : शहर सुमारे तीनशे एकर जमीन देईल, सपाटीकरण आणि रस्त्यांचा काही खर्च शहर आणि काउंटी सोसतील, ओ’मॅली आपल्या पैशानं पन्नास हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधतील, शहरातलं आपल्या ताब्यातलं नऊ एकरांचं जुनं मैदान शहराला देतील आणि जागेपैकी चाळीस एकरांवर लोकांसाठी क्रीडांगण करतील.

म्हणजे बघा, एकाच कायद्याची दोन टोकं. न्यूयॉर्कमध्ये सांगितलं, खाजगी मैदान हे सार्वजनिक प्रयोजन नव्हे. लॉस एंजेलिसमध्ये सार्वजनिक प्रयोजनाची अट असलेल्या जमिनीवर तेच मैदान, तोच मालक. सार्वजनिक काय हे त्या त्या शहरात ताकद कुणाच्या हातात आहे त्यावर ठरलं.

विरोध झालाच. सह्या गोळा झाल्या आणि प्रकरण सार्वमताला गेलं : ३ जून १९५८, ‘प्रपोझिशन बी’. मतदानाच्या दोन दिवस आधी दूरचित्रवाणीवर तासन्‌तास कार्यक्रम झाला. नट-नट्या आल्या, त्यांत रोनाल्ड रेगनही होते, तेव्हा अजून चित्रपटातलेच. करार साडेतीन लाख विरुद्ध सव्वातीन लाख असा, म्हणजे पंचवीस-सव्वीस हजारांच्या फरकानं टिकला. विरोधकांची मोहीम चालवणाऱ्यांत सॅन डिएगोच्या दुय्यम दर्जाच्या बेसबॉल संघाच्या मालकाचा भाऊ होता. त्यांना उठवलेल्या घरांची चिंता किती आणि शेजारी मोठा संघ आल्यावर आपल्या तिकीटविक्रीची किती, हे सांगायला ज्योतिषी नको. रहिवाशांच्या दुःखाचा झेंडा अनेकदा असा दुसऱ्याच्याच खांद्यावर फडकतो.

आम्हाला या सार्वमतात खटकतं ते वेगळंच. मत सगळ्या शहराचं घेतलं. ज्यांची घरं होती ते आठ वर्षांपूर्वीच विखुरले गेले होते. कुणी पूर्व लॉस एंजेलिसला, कुणी आणखी कुठे. जिथे वस्तीच राहिली नाही तिथे वस्तीचं मत कुठून येणार? लोकशाही पद्धत पाळली गेली यात शंका नाही. ती फक्त आठ वर्षं उशिरा पाळली गेली.

मग न्यायालय. खालच्या कोर्टानं करार बेकायदा ठरवला. जानेवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो वैध ठरवला. शहराचा एकंदर फायदा होत असेल तर खाजगी पक्षालाही फायदा झाल्यानं बिघडत नाही, असं त्याचं सार.

आणि मग ८ मे १९५९. पालो व्हेर्देमध्ये मान्वेल आणि अब्राना अरेचिगा हे वयस्कर जोडपं १९२० च्या दशकापासून राहत होतं. त्यांच्या मालमत्तेची किंमत १०,०५० डॉलर ठरवली गेली होती. त्यांची मागणी १७,००० ची. ते हललेच नव्हते. त्या दिवशी शेरिफची माणसं आली. दार उघडलं, सामान बाहेर काढलं. अब्राना यांची मुलगी ऑरोरा वार्गास, महायुद्धात नवरा गमावलेली, हिला चार जणांनी हातापायांना धरून पायऱ्यांवरून खाली आणलं. छायाचित्रकार आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे समोरच होते. लोक बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात बुलडोझरनं घर पाडलं. ते दृश्य घराघरांत दिसलं. कुटुंबानं तिथेच तंबू ठोकून मुक्काम केला. कौन्सिलमधले एडवर्ड रॉयबल हे मेक्सिकन वंशाचे सदस्य उभे राहिले आणि या वागणुकीचा निषेध केला. शहर हळहळलं.

ही हळहळ आठवडाभरच टिकली. वर्तमानपत्रात बातमी आली की अरेचिगा कुटुंबाच्या मालकीची शहरात इतरत्र अकरा घरं आहेत. झालं, सहानुभूती एका दिवसात आटली. ‘हे कसले बेघर?’ इतिहास वाचताना या वळणावर आम्ही दर वेळी अडखळतो. कारण कुटुंबानं कधीही ‘आम्हाला निवारा नाही’ असा दावा केला नव्हता. त्यांचं म्हणणं होतं, हे घर आमचं आहे, आणि तुम्ही ते ज्या कामासाठी घेतलं ते काम तुम्ही केलं नाही. अकरा घरं असलेल्या माणसालाही हा प्रश्न विचारता येतो. पण सार्वजनिक चर्चेत विस्थापिताला आधी पुरेसं गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं. तिथे कमी पडला की त्याच्या हक्काचंही कुणी ऐकत नाही. गंमत बघा, त्यानंतर टेकडीवर जे थोडे खाजगी भूखंड शिल्लक होते ते घेताना ओ’मॅलींनी सरकारी मूल्यांकनाच्या कित्येक पट पैसे मोजले. म्हणजे जमिनीला तेवढा भाव होता. तो कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, एवढाच फरक.

बांधकामात सुमारे ऐंशी लाख घनयार्ड माती हलवली. टेकड्यांचे माथे कापले, घळी भरल्या. पालो व्हेर्देची शाळा पाडलीसुद्धा नाही. छप्पर काढून तिच्यात माती भरली, आणि ती गाडीतळाखाली अजून तशीच आहे असं सांगतात. १० एप्रिल १९६२ रोजी स्टेडियम उघडलं : छप्पन्न हजार आसनं, सोळा हजार गाड्यांची जागा. तिकडे ब्रुकलिनमध्ये एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडायला घेतलं होतं आणि त्या जागेवर १९६२ मध्येच उंच रहिवासी इमारती उभ्या राहिल्या. घरांच्या जागी मैदान आणि मैदानाच्या जागी घरं, एकाच वर्षी, एकाच संघाच्या मागे. कथाकारानं असं लिहिलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून म्हटलं असतं.

पुढच्या काळातल्या एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. बरीच वर्षं मेक्सिकन वंशाचे अनेक लोक या स्टेडियमची पायरी चढत नव्हते. १९८१ मध्ये फर्नांडो व्हालेन्स्वेला हा मेक्सिकोच्या सोनोरातल्या छोट्या गावचा वीस वर्षांचा डावखुरा गोलंदाज डॉजर्सकडून असा काही खेळला की स्टेडियम स्पॅनिश बोलणाऱ्यांनी भरून गेलं. (गोलंदाज म्हटलं, बेसबॉलवाल्यांनी माफ करावं.) काही जण म्हणतात त्यानं जखम भरली. काही जुने रहिवासी मात्र मरेपर्यंत आत गेले नाहीत. दोन्ही खरं असू शकतं.

ब्रुकलिनचं शेपूट राहिलं. ओ’मॅलींना जो तिठा हवा होता, तिथेच, रस्त्याच्या पलीकडे, डिसेंबर २००३ मध्ये फॉरेस्ट सिटी रॅटनर या विकासक कंपनीनं बास्केटबॉलचं बंदिस्त क्रीडागार आणि भोवती उंच इमारती, असा बावीस एकरांचा प्रकल्प जाहीर केला : ‘अटलांटिक यार्ड्‌स’. त्यातला मोठा भाग रेल्वेच्या रुळांचा, पण उरलेल्या भागात लोक राहत होते, त्यांत चांगल्या दुरुस्त केलेल्या सदनिकाही होत्या. सरकारी अभ्यासात पुन्हा तोच करपा सापडला. रहिवाशांनी संघटना बांधली, वाहतूक, सावली, भाडेवाढ, सगळ्यावर हरकती घेतल्या, कित्येक वर्षं खटले लढले. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं सहा विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूनं दिला. वस्ती करपलेली आहे की नाही यावर दुमत असू शकतं, पण ते ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असा रोख. मोझेस यांनी १९५५ मध्ये जे नाकारलं ते चौपन्न वर्षांनी कायदेशीर झालं.

बार्कलेज सेंटर सप्टेंबर २०१२ मध्ये उघडलं. लोक समजले होते तेवढी वाहतूक तुंबली नाही, कारण बहुतेक प्रेक्षक गाडीऐवजी भुयारी रेल्वेनं येतात. हे प्रकल्पवाल्यांच्या बाजूनं सांगायला हवं. संगीताच्या कार्यक्रमांतला खालच्या पट्टीचा घुमारा मात्र शेजारच्या घरांत शिरायचा. २०१५ मध्ये छपरावर हिरवं आच्छादन चढवलं, त्याचं एक कारण तेही होतं. खरी फसगत घरांची. परवडणाऱ्या २,२५० घरांचं आश्वासन होतं आणि त्याच बळावर स्थानिकांपैकी काही संघटनांनी पाठिंबा दिला होता. क्रीडागार वेळेत झालं. घरांची २०२५ ची मुदत उलटली तेव्हा शेकडो घरं बांधायची बाकी होती. हा क्रम अपघाती नाही. जिथे तिकीट विकलं जातं ते आधी उभं राहतं. म्हणून अशा सुनावणीला कुणी जाणार असेल तर आमचं सांगणं एकच : आराखड्यात काय काय आहे यापेक्षा आधी काय बांधणार आणि नाही बांधलं तर दंड किती, ते लेखी मागा.

चावेझ रॅव्हिनचे जुने रहिवासी आणि त्यांची मुलं-नातवंडं स्वतःला ‘लोस देस्तेरादोस’ म्हणवतात, म्हणजे मातीतून उपटलेले. स्टेडियमलगतच्या एलिशियन पार्कमध्ये ते दर वर्षी जमतात, डबे घेऊन. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं त्यांच्या भरपाईचा विचार करायला समिती नेमणारं आणि स्मारकाची तरतूद करणारं विधेयक मंजूर केलं. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते सहीविना परत पाठवलं; ही चौकशी स्थानिक पातळीवर व्हावी, असं कारण देऊन. स्थानिक पातळी म्हणजे तीच पालिका, जिच्या प्राधिकरणानं १९५० च्या जुलैमध्ये ती पत्रं वाटली होती. त्या पत्रांतला ‘नव्या घरांवर पहिला हक्क तुमचा’ हा शब्द अजून कुणी पाळलेला नाही आणि कुणी मागेही घेतलेला नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.